वानेकाठच्या विहिरीतली निळी माती

पुण्याहून निघायच्या दिवशी मुलीनं माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आई, तू गावाला चालली आहेस की सुतारकामाला?" पिशवीत दोन सुती साड्या, एक भिंग, लहानसा हातोडा, पुडीत बांधलेले लोखंडी खिळे, पॉलिश पेपरचा तुकडा, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि काळ्या कागदाची गुंडाळी एवढं सामान होतं. साठी उलटलेल्या बाईनं भर मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात जाऊ नये, हे मलाही कळतं. पण मी तीस वर्षं कॉलेजात दगड-खनिजं शिकवली आहेत, आणि एका खनिजानं ती तीसही वर्षं मला टोचणी लावली होती. ते दिसण्याची शक्यता होती म्हणून मी निघाले.

बोलावणं आलं होतं रत्नमालाचं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता नांदुऱ्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवते. तिचं माहेर संग्रामपूर तालुक्यात, वान नदीच्या काठच्या एका गावात. तिनं मोबाईलवर एक फोटो पाठवला होता. तळहातावर चिखलाचा गोळा आणि त्यात निळीच्या पुडीसारखे निळे ठिपके. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ही माती म्हणजे मोरचूद आहे की काय, यावरून आमच्या गावात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही येऊन बघाल का?"

मी फोनवर लगेच निकाल देऊन टाकला. म्हटलं, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत निळसर-हिरवं असं बरंच काही सापडतं, त्यातलंच असणार. रत्ना फार सोज्वळ मुलगी. ती म्हणाली, "हो मॅडम. पण इथं दगडच नाही. साठ फुटांपर्यंत नुसती माती आहे." दख्खनच्या दगडावर आयुष्य काढलेल्या माणसाची हीच खोड असते, त्याला सगळीकडे दगडच दिसतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलं. आमच्या कॉलेजच्या कपाटात तिसऱ्या खणात एक निळा गोळा होता. कुणी, कुठून आणला कुणास ठाऊक. चिठ्ठीवर नाव होतं 'व्हिव्हिॲनाइट'. लोह आणि फॉस्फेट यांचं हे खनिज, तसं दुर्मीळच. फॉस्फेट म्हणजे आपल्या हाडांत, दातांत असतं ते. दलदलीत गाडल्या गेलेल्या हाडांभोवती, हवा न लागणाऱ्या चिखलात, कधीतरी ते तयार होतं. दरवर्षी तो गोळा मी वर्गात फिरवायची आणि सांगायची, "जमिनीतून काढताना हे पांढरं असतं. उजेड आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं." डोळ्यांदेखत म्हणायची, पण माझ्या डोळ्यांनी मी ते कधीच पाहिलेलं नव्हतं. एका वर्षी मागच्या बाकावरून एकीनं विचारलंही, "मॅडम, तुम्ही पाहिलंय?" मी तिला पुस्तकाचं पान उघडून दाखवलं. ती शरम अजून जात नाही.

सकाळी नांदुऱ्याला उतरले तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन दुपारचं होतं. रत्ना स्टेशनवर आलेली होती. डोक्याला पांढरा दुपट्टा घट्ट बांधलेला, फक्त डोळे दिसत होते, त्यामुळे माझी विद्यार्थिनी मला हाक मारल्यावरच ओळखू आली. तिनं माझ्याही डोक्याला तसाच दुपट्टा गुंडाळला आणि आम्ही एसटीत बसलो.

शेजारच्या बाकावर धोतर-टोपीतले एक आजोबा होते. थोडा वेळ माझ्याकडे निरखून पाहून त्यांनी विचारलं, "कोनाकडं जाऊन राह्यल्या बाई?"

"गावातली माती पाहायला आले आहे," मी म्हटलं.

"कुठून?"

"पुण्याहून."

आजोबांनी जरा विचार केला. "काऊन, पुन्यात माती नाही काय?"

सगळी बस हसली. मीही हसले, दुसरं करणार काय? मग त्यांनीच पिशवीतून दोन गावरान आंबे काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

पूर्णा नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन पसरत जाते. हा खारपाण पट्टा (जिथं जमिनीखालचं पाणी खारट लागतं तो भाग). रत्नानं बजावून सांगितलं होतं की वाटेत कुठल्या हापशाचं पाणी पिऊ नका. एका थांब्यावर बस पाच मिनिटं थांबली, हापसा समोर होता, आणि मी शिक्षिका असल्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची मला सवय नाही. बाटली भरली, एक घोट घेतला आणि तिथंच थुंकले. वरणात मीठ दोनदा पडलं तर जे होतं ते झालं. रत्नानं आपली बाटली पुढे केली.

पुढे उत्तरेला सातपुड्याची निळी-करडी रांग दिसायला लागली आणि संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. प्रत्येक झाडाचं खोड गुडघ्यापर्यंत फिकट निळ्या रंगानं माखलेलं होतं. मोरचूद आणि चुना कालवून हा लेप देतात, म्हणजे खोडाला कीड-बुरशी लागत नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचं निळं विषारी मीठ. इथल्या प्रत्येक बागाईतदाराच्या कोठ्यात ते असतं. ही मोरचुदाची गोष्ट रत्नानं मुद्दाम मला खिडकीतून दाखवली आणि मग भावांची हकीकत सांगितली.

थोरले पुंडलिकभाऊ, धाकटा गजानन. दोघांत अठरा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, गजाननला पुंडलिकभाऊंनीच वाढवलं. वाटणी झाली तरी दोघांच्या धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) विहीर एकच राहिली. खारपाण पट्ट्याच्या कडेला असूनही तिचं पाणी गोड, त्यामुळे तिचं कौतुक अख्ख्या गावाला. बैलजोडीही एकच. थोरल्याकडे हिऱ्या, धाकट्याकडे बादल, आणि पेरणीला दोन्ही एका जुवाला. त्याला इकडे सावड म्हणतात (दोन घरांनी आपापला बैल देऊन जोडी जुळवायची).

मागच्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला, थोडी खोलही केली. काढलेला गाळ काठावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर त्यात निळे गोळे. गजाननची संत्र्याची बाग विहिरीला लागून आहे, तो मोरचुदाचा ड्रम तिथंच कालवतो. आणि त्याच आठवड्यात पुंडलिकभाऊंचं वासरू मेलं. पुंडलिकभाऊंनी पारावर चार माणसांत भावाला विचारलं, "गज्या, इहिरीत मोरचूद टाकलं काय?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय मॅडम. गजाननदादा म्हणाला, हाव, म्याच टाकलं."

"टाकलं होतं?"

"मला नाही वाटत. पण तो तसं म्हणाला ना. त्याला वर्ष झालं. पुंडलिकभाऊ दुसऱ्याच्या शेतातून पिण्याचं पाणी आणतात. पेरणी दोघांनी ट्रॅक्टरवर केली. बैल आपापल्या गोठ्यात एकेकटे उभे असतात."

म्हणजे मी ज्याच्यासाठी एवढी आसुसले होते ती माती या दोन घरांना नकोशी झालेली होती. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

रत्नाच्या आईनं दुपारी पोटभर रस, कुरडया आणि पातळ पिठलं वाढलं. मी नको नको म्हणत तीन वाट्या रस प्याले. जेवण झाल्यावर दोन्ही भावांकडे आळीपाळीनं निरोप गेले. ठरलं ते असं. सकाळी लाईन (वीज) आली की गजाननची मोटर विहीर उपसणार. आणि खाली उतरून माती काढणार पुंडलिकभाऊ, स्वतः. ही अट माझी. गजाननच्या हातून आलेली माती त्यांना पटणार नाही हे उघड होतं, आणि मला विहिरीत उतरवायचं तर क्रेनच आणावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी दहापर्यंत विहीर तळाला गेली. काठावरच्या कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. पुंडलिकभाऊ उंच, वाळलेले, मोजकं बोलणारे. ते झाडाच्या या बाजूला बसले होते, गजानन त्या बाजूला, मध्ये खोड. गजानन दिसायला भावाची प्रतच, फक्त अंगानं भरलेला आणि कपाळावर कायम आठी. दोघांच्याही बायका आल्या होत्या.

आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडला. तो विझला नाही, म्हणजे खाली हवा ठीक होती. मग मी पुंडलिकभाऊंना सांगितलं, "तळाच्या गाळाला हात लावू नका. बाजूच्या भिंतीत, जिथं आजवर कुणाचं फावडं लागलेलं नाही, तिथं हातभर आत खणा. पांढरं काही दिसलं की भोवतालच्या ओल्या मातीसकट या डब्यात भरा आणि झाकण लावूनच वर या."

"निळं नाही, पांढरं?" त्यांनी विचारलं.

"पांढरं."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि शिडीवरून उतरले. मी काठावर बसून राहिले. खालून कुदळीचे घाव ऐकू येत होते. तेवढ्यात थोरल्या वहिनी चहाची कपबशी घेऊन आल्या. मी म्हटलं, आता नको, माती पाहून झाल्यावर. त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या घरचा चालत नाही काय?" आता काय सांगणार? मी चहा घेतला आणि जीभ पोळवून घेतली.

अर्ध्या तासानं पुंडलिकभाऊ वर आले. नखशिखांत चिखल, छातीशी धरलेला डबा. मी सावलीत परात ठेवली आणि झाकण काढलं. काळीशार चिकट माती, तिला कुजलेल्या पाल्याचा वास. ती बोटांनी उकलली तर आत हाडाचा एक सच्छिद्र तुकडा, फार जुना, बहुधा कुठल्या तरी गुराचा. आणि त्याच्या भोवती शिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट, जवळजवळ पारदर्शक दाणे.

मी भिंग लावलं. दाण्यांत बारीक सुयांसारखे स्फटिक चमकत होते. नखानं ओरखडा ओढला, लगेच उठला, इतकं मऊ. लग्नात, बाळंतपणात आणि निवृत्तीच्या दिवशी मिळून मला जेवढा आनंद झाला नसेल तेवढा तेव्हा झाला, आणि हे मी घरी कबूलही केलेलं आहे. सगळ्यात पहिलं काम मी स्वार्थाचं केलं. त्यातला एक सुपारीएवढा चांगला गोळा ओल्या मातीतच लपेटून परत डब्यात ठेवला, वर काळा कागद गुंडाळला आणि डबा पिशवीत टाकला. हा पांढराच्या पांढरा पुण्याला न्यायचा होता.

उरलेले दाणे परातीत उघडे ठेवले. "हे आता निळं होईल," मी जाहीर केलं. "तासभर लागेल. तोवर दुसरं एक बघू."

गजाननकडून मोरचुदाचा खडा मागवला. दोन काचेचे पेले घेतले. एकात मोरचूद विरघळवलं. दुसऱ्यात गेल्या वर्षीच्या गाळातली वाळलेली निळी माती कालवली. मोरचूद पाण्यात पार नाहीसं झालं आणि पाणी निळंशार दिसायला लागलं. माती मात्र नुसती गढूळली आणि हळूहळू तळाला बसली. मग पॉलिश पेपरनं घासलेला एकेक खिळा दोन्हीत सोडला. दोनच मिनिटांत पहिल्या पेल्यातला खिळा लालसर झाला.

"तांबं चढलं," कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या पेल्यातला खिळा होता तसाच. माणसं वाकून वाकून पाहून गेली. मी दोन्ही खिळे काढून पुंडलिकभाऊंच्या हातावर ठेवले आणि सगळ्यांना बजावलं की हे पेले पुन्हा चहाला वापरायचे नाहीत.

पुंडलिकभाऊंनी दोन्ही खिळे उलटसुलट करून पाहिले. "म्हंजे हे मोरचूद नाही."

"नाही. आणि कुणी टाकलेलंही नाही. तुम्ही आज खणलीत ती जागा तुमच्या आजोबांनीसुद्धा पाहिलेली नसेल."

"मंग माहं वासरू काऊन मेलं?"

मी इथं थोडं खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं रत्ना नंतर म्हणाली. पण जे मी पाहिलेलं नाही ते वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते, पुन्हा तसं नको होतं. "ते मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "तेव्हा गुरांच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर कळलं असतं. मला फक्त माती कळते."

त्यांनी मान हलवली. मग भावाकडे न बघता मलाच म्हणाले, "थ्याले इचारा बाई. टाकलं नव्हतं, तं हाव काऊन म्हने?"

गजानन झाडाच्या पलीकडून पुढे आला. तोही माझ्याशीच बोलला. "बाई, ज्यानं मले खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यानं पारावर चार मानसात इचारलं, का इहिरीत इख टाकलं काय. थे पानी माहे लेकरं पेतेत, थ्याचे पेतेत. इचारलंच कसं थ्यानं? थ्याले जर तसं वाटते, तं म्या नाही कायले म्हनू? नाही म्हनून खरं वाटलं असतं काय थ्याले?"

पुंडलिकभाऊंनी दोन्ही खिळे परातीच्या कडेला ठेवले, खांद्यावरचं फडकं झटकलं आणि शेतातून निघून गेले. परातीतल्या दाण्यांवर तेव्हा जेमतेम राखाडी झाक आली होती.

पाऊण तासानं ते निळे झाले. आधी कडा, मग मधला भाग. ज्याच्याबद्दल मी तीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर बोलत आले ते माझ्यासमोर झालं. रत्नानं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. थोरल्या वहिनी परातीवर वाकून म्हणाल्या, "झालं ना व माय निळं," आणि शेजारी उभ्या असलेल्या मंदाच्या, म्हणजे गजाननच्या बायकोच्या, खांद्यावर हात ठेवला. मग कळलं की जावा-जावांचं बोलणं कधी बंदच नव्हतं. वर्षभर त्या नदीवर धुण्याच्या निमित्तानं भेटत होत्या आणि नवऱ्यांना पत्ता लागू देत नव्हत्या.

दुपारी तिथंच रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी झाली. रोडगा फोडायचा, त्यात तूप ओतायचं आणि भाजीबरोबर खायचा. मला घाम, नाक, डोळे सगळं एकदम आलं, तरी मी दुसरा मागून घेतला. जेवायला पुंडलिकभाऊ आले नाहीत.

संध्याकाळी रत्नाच्या अंगणात बसले होते. माझं खनिज मला मिळालं होतं, डबा पिशवीत सुरक्षित होता, वारा थोडा निवला होता. मी खुशीत होते आणि त्या खुशीची मला लाजही वाटत होती. मातीचं नाव सांगायला मी आले होते, ते सांगितलं. भावांचं काम मात्र अर्ध्यावरच राहिलं असं मनात येत राहिलं.

सकाळी सहाला दार वाजलं. पुंडलिकभाऊ उभे होते. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, थे निळं होताना म्या पाह्यलं नाही."

"रत्नाच्या मोबाईलवर आहे ना. दाखवते."

"मोबाईलवर पाह्यलं. मोबाईलवर काहीबी दाखवतेत. मले डोयानं पाह्याचं हाय."

हे वाक्य मला लागलं, आणि कुठं लागलं ते मलाच ठाऊक. म्हटलं, मग पुन्हा खणू या. ते म्हणाले, रात्रीतून झरे भरले, विहिरीत पुरुषभर पाणी आहे, आणि लाईन आता दुपारनंतर येणार. माझी बस सातची होती. नांदुऱ्याहून संध्याकाळची रेल्वे होती.

पांढरं आता एकाच ठिकाणी उरलं होतं. पुंडलिकभाऊंना ते माहीत होतं, त्यांनीच तर खणून आणलेलं. पण ते मागत नव्हते, नुसते उभे होते. खोटं कशाला सांगू, नाही म्हणावं असं माझ्या मनात आलं. रत्ना आतून माझ्याकडे बघत होती. शेवटी मी पिशवीतून डबा काढला.

"उघडते," मी म्हटलं. "पण इथं नाही. गजाननच्या ओट्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ पाहिलं की मला वाटलं, आता हे मागे फिरणार. मग म्हणाले, "चाला."

गजानन ओट्यावर दात घासत बसला होता. भावाला फाटकात बघून तो उठला, तोंड तसंच भरलेलं. मंदानं बाज आणून टाकली. मी बाजेवर कागद पसरला, डबा उघडला आणि माती बाजूला केली. गोळा पांढरा होता. दोघं भाऊ दोन बाजूंना बसले. मी भिंग पुंडलिकभाऊंच्या हातात दिलं.

आम्ही बसून राहिलो. कोंबड्या पायांत येत होत्या, मंदा त्यांना हाकलत होती. सातच्या बसचा भोंगा वाजला आणि बस गेली, तरी कोणी उठलं नाही. हळूहळू गोळ्याची कड राखाडी झाली, मग आकाशी, मग निळी. पुंडलिकभाऊंनी त्याला हात लावला नव्हता, मी नाही, गजाननानंही नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"गज्या," ते म्हणाले. वर्षभरानं त्यांनी भावाला हाक मारली होती. "तू टाकलं काय?"

गजाननचा चेहरा हलला. तो म्हणाला, "नाही, दादा."

"बरं," पुंडलिकभाऊ म्हणाले. मग मान वळवून म्हणाले, "मंदा, पानी आन व." मंदानं तांब्या आणला. विहिरीचंच पाणी. त्यांनी तो एका दमात संपवला आणि फडक्यानं तोंड पुसलं. ते पाणी पुसत होते की आणखी काही, हे मी मुद्दामच पाहिलं नाही. माझेही डोळे धड नव्हते.

पुढची बस फाट्यावरून अकराला होती. मला सोडायला बंडी (बैलगाडी) जुंपायचं ठरलं. पुंडलिकभाऊ घरी जाऊन हिऱ्याला घेऊन आले, गजाननानं बादलला काढलं. वर्षभर जोडीनं न चाललेले बैल ते. हिऱ्या डावीकडे ओढतोय, बादल जागचा हलत नाही, बंडी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला. मी पिशवी पोटाशी धरून दोनदा रत्नाच्या अंगावर पडले. पुंडलिकभाऊ कासरा धरून ओरडत होते, "धर बे थ्याले, गज्या," आणि गजानन बादलच्या बाजूनं चालत तेवढ्याच जोरात उलट ओरडत होता. फाटा येईपर्यंत बैल बऱ्यापैकी चालायला लागले होते. भावांचं ओरडणं मात्र बस येईपर्यंत चाललं होतं.

पुण्याला आल्यावर माती यंत्रावर तपासून घेतली. तेच निघालं. मुलीनं डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या उन्हात जाऊन निळाच आणलास? निळा तर कॉलेजात होताच की." मी म्हटलं, हो, होता.

मग कॉलेजात गेले. नव्या बाईंनी तिसरा खण उघडून दिला. जुन्या गोळ्याशेजारी हा ठेवला. दोन्ही सारखेच दिसतात, मलासुद्धा आता वेगळे ओळखता येणार नाहीत. नवी चिठ्ठी लिहायला घेतली. नाव, ठिकाण, खोली. रंग या रकान्यात लिहिलं, 'काढताना पांढरा, मग निळा'. शेवटचा रकाना होता 'आधार'. जुन्या चिठ्ठीवर तिथं माझ्याच अक्षरात 'पुस्तकावरून' असं होतं. नव्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'डोळ्यांनी पाहिलं. सोबत पुंडलिकभाऊ आणि गजानन, दोघे भाऊ.'